दिवा गेला? वायरमन येण्यापूर्वी एवढे पाहा

दिवेलागणीची वेळ. स्वयंपाकघरात मिक्सर घरघरतो आहे, न्हाणीघरात गीझर चालू आहे, इस्त्री तापत ठेवलेली आहे आणि बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर मुले बसली आहेत. तेवढ्यात 'खट्' असा आवाज होतो आणि सगळे घर अंधारात बुडते.

अशा वेळी घरोघरी तीन प्रकारची माणसे आढळतात. पहिला पडलेला खटका पुन्हा पुन्हा वर ढकलत राहतो. दुसरा फ्यूजमध्ये हाताला लागेल ती जाडजूड तार पिळून बसवतो आणि 'आता बघू कसा उडतो ते' म्हणून हात झटकतो. तिसरा काहीच न पाहता वायरमनला बोलावतो. वायरमन तासाभराने येतो, एक प्लग काढतो, खटका वर करतो आणि फेरीचे पैसे घेऊन निघून जातो. तिसऱ्याच्या फक्त खिशाला चाट बसते. पहिले दोघे मात्र घरादाराचा जीव टांगणीला लावत असतात.

विजेचा बिघाड दुरुस्त करणे हे आपले काम नाही, पण तो कुठे आहे हे शोधणे आणि तेवढा भाग बंद करून ठेवणे हे घरातल्या कोणत्याही शहाण्या माणसाला जमण्यासारखे आहे. त्यासाठी पक्कड लागत नाही, पेचकसही लागत नाही. लागते ती थोडी माहिती आणि कुठे थांबायचे याचे भान.

आपले काम कोणते, वायरमनचे कोणते?

ही सीमारेषा कायद्यानेच आखून दिलेली आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील नियम ४५ नुसार दिवे, पंखे, फ्यूज, बटणे यांसारख्या वस्तू जशाच्या तशा बदलण्याची मुभा होती. त्यापलीकडे घरातील वायरिंग वाढवणे, बदलणे किंवा दुरुस्त करणे हे काम परवानाधारक विद्युत कंत्राटदारानेच करायचे होते. पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांतही हाच दंडक कायम राहिला.

घरापुरता सोपा नियम असा करता येईल: जे हाताने चालू-बंद करता येते, जे प्लगमधून काढता-घालता येते आणि जे डोळ्यांनी, कानांनी किंवा नाकाने कळते, तेवढे आपले. बोर्डाचा स्क्रू काढायची वेळ आली की आपले काम संपले.

आधी आपल्या बोर्डाची ओळख

अंधार झाल्यावर बोर्ड शोधणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. म्हणून एखाद्या सुटीच्या दिवशी, भर उजेडात, घरातल्या सगळ्यांनी मिळून मेन बोर्ड नीट पाहून घ्यावा.

जुन्या घरांत अजूनही चिनी मातीचे पांढरे फ्यूज दिसतात. त्यातली बारीक तार ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह आला की वितळते आणि वीज तोडते. ती वितळावी म्हणूनच बारीक असते. तिच्या जागी जाड तार घातली की फ्यूज वितळत नाही, भिंतीच्या आतली वायर तापते. थोडक्यात, स्वस्तातली तार वाचवून आपण वायरिंग जाळायला निघतो. फ्यूजची तार बदलायचीच असेल तर मेन स्विच बंद करून, तितक्याच अँपिअरची फ्यूजतारच घालावी.

नव्या घरांत फ्यूजऐवजी एमसीबी असतात. ओळीने बसवलेले हे छोटे खटके एकेका भागाची वीज सांभाळतात. दिवे-पंख्यांसाठी सर्वसाधारणपणे ६ किंवा १० अँपिअरचा आणि गीझर, एसी यांसाठी १६, २० अँपिअरचा किंवा त्याहून मोठा एमसीबी असतो. भार जास्त झाला किंवा दोन वायरी एकमेकींना चिकटून शॉर्टसर्किट झाले की तो खाली पडतो.

त्याच्या शेजारी थोडा रुंद, 'टी' किंवा 'टेस्ट' असे छोटे बटण असलेला आणखी एक खटका असतो, तो आरसीसीबी. या दोघांतला फरक प्रत्येक गृहिणीने लक्षात ठेवावा असा आहे. एमसीबी वायरीचे रक्षण करतो, आरसीसीबी माणसाचे. आरसीसीबी घरात गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांचा सतत मेळ घालत असतो. वाटेत थोडा प्रवाह गीझरच्या पत्र्यातून, ओल्या भिंतीतून किंवा माणसाच्या शरीरातून जमिनीत गळू लागला की हा मेळ चुकतो आणि तो क्षणार्धात वीज तोडतो. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो. ९ वॅटचा एलईडी बल्बसुद्धा याहून जास्त प्रवाह घेतो! एवढ्याशा प्रवाहाने एमसीबी हलणारही नाही, माणसाच्या हृदयाला मात्र तेवढा प्रवाह घातक ठरू शकतो.

आपल्या बोर्डावर असा खटका नसेल तर वायरमनला पहिला प्रश्न त्याबद्दलच विचारा. असेल तर महिन्यातून एकदा ते 'टेस्ट' बटण दाबून पाहा. खटका ताबडतोब पडला पाहिजे. पडला नाही तर तो निकामी आहे आणि बदलायला हवा. एक गोष्ट मात्र विसरू नये. कोणी एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल पकडली तर आरसीसीबीला गळती दिसतच नाही. तो रक्षक आहे, पण कवचकुंडले नव्हेत.

बोर्डाची ओळख झाली की प्रत्येक एमसीबीखाली कागदाची पट्टी चिकटवा: 'हॉल', 'स्वयंपाकघर', 'गीझर', 'पंप'. एक एमसीबी खाली करून घरात काय बंद झाले ते पाहिले की पट्टीवर काय लिहायचे ते कळते.

वीज नेमकी कुठली गेली?

'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' असे होऊ नये म्हणून पुढचे चार प्रश्न याच क्रमाने स्वतःला विचारा.

शेजारी अंधार आहे का? खिडकीतून पाहा. सगळ्या गल्लीतलीच वीज गेली असेल तर घरात शोधण्यासारखे काही नाही. वीज कंपनीकडे तक्रार नोंदवा. त्यासाठी १९१२ हा क्रमांक देशभर ठेवलेला आहे.

शेजारी दिवे आहेत आणि फक्त आपलेच घर अंधारात आहे का? मग मेन स्विच, आरसीसीबी आणि मेन एमसीबी पाहा. सगळे खटके वर असूनही वीज नसेल तर दोष मीटरकडचा किंवा त्याच्या आधीचा असू शकतो. मीटरचे सील, खांबावरची वायर, इमारतीच्या तळमजल्यावरचे फ्यूज यांना आपण हात लावायचा नाही. तिथे वीज कंपनीची माणसे किंवा सोसायटीचा वायरमनच हवा.

घराचा एकच भाग बंद आहे का? त्या भागाचा एमसीबी पाहा.

एकच उपकरण बंद आहे का? तर ते काढून दुसऱ्या, चालू असलेल्या प्लगमध्ये लावून पाहा. तिथेही चालले नाही तर उपकरण बिघडले आहे. तिथे चालले तर पहिल्या प्लगमध्ये किंवा बटणात दोष आहे. बिघाड कोणता आणि कोणाला बोलवायचे, मिक्सरवाल्याला की वायरमनला, हे एवढ्यानेच ठरते.

एमसीबी पडला तर

लगेच वर ढकलू नका. आधी त्या भागातली सगळी बटणे बंद करा आणि प्लग उपसून काढा. हात आणि पाय कोरडे आहेत ना, पायात चप्पल आहे ना, ते पाहा. पडलेला एमसीबी कधी कधी अर्ध्यावर अडकतो. तो आधी पूर्ण खाली दाबून मग वर करावा लागतो.

काहीही चालू नसताना तो वर केल्या केल्या पडला, तर वायरिंगमध्येच दोष आहे. तो खालीच ठेवा आणि वायरमनला बोलवा. बाकीच्या खटक्यांवर घराचा उरलेला भाग चालू ठेवता येतो.

वर टिकला, तर एकेक उपकरण लावत जा. एखादे लावताच खटका पडला तर चोर सापडला. ते उपकरण बाजूला ठेवून द्या.

एकेक करून सगळे नीट चालते, पण सगळे एकदम लावले की पाचदहा मिनिटांनी खटका पडतो, असे झाले तर ती भाराची तक्रार आहे. यासाठी थोडा हिशेब करावा. आपल्याकडे घरात २३० व्होल्टची वीज येते. उपकरणावर लिहिलेल्या वॅटला २३० ने भागले की अँपिअर मिळतात. २००० वॅटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर घेतो, १००० वॅटची इस्त्री सव्वाचार, ७५० वॅटचा मिक्सर सव्वातीन. तिघांची बेरीज साडेसोळाच्या घरात जाते. १६ अँपिअरच्या एकाच एमसीबीवर हे सगळे चालवले तर तो कुरकुर करणारच. यावर उपाय एमसीबी मोठा बसवणे हा नाही. आतली वायर तेवढीच राहते आणि मोठ्या एमसीबीखाली ती मुकाट्याने तापत राहते. कामे मागेपुढे करा, किंवा मोठ्या उपकरणासाठी वायरमनकडून वेगळी वायर टाकून घ्या.

हाच हिशेब एक्स्टेन्शन बोर्डालाही लागू आहे. ६ अँपिअरचा प्लग म्हणजे जेमतेम १३८० वॅट. त्यावर हीटर किंवा गीझर लावणे म्हणजे बैलगाडीत ट्रकचा माल भरणे.

एक नियम सगळ्यांनी पाळावा. कारण न शोधता खटका दोनदा पडला तर तिसऱ्यांदा वर करायचा नाही. खटका पडतो तेव्हा तो आपल्याला त्रास देत नसतो, निरोप देत असतो.

आरसीसीबी पडला तर

याचा अर्थ कुठेतरी वीज गळते आहे. पावसाळ्यात भिंती ओल धरतात तेव्हा आणि थंडीत गीझर सुरू झाल्यावर ही तक्रार हमखास येते. सगळे एमसीबी खाली करा. आरसीसीबी वर करा. मग एकेक एमसीबी वर करत जा. ज्याच्यावर आरसीसीबी पडेल, दोष त्या भागात. आता त्या भागातली उपकरणे तपासायची आहेत, पण इथे बटण बंद करून भागत नाही. बटण साधारणपणे एकाच वायरीला तोडते आणि गळती दुसऱ्या वायरीतूनही होऊ शकते. म्हणून प्लग भिंतीतून बाहेरच काढा आणि मग एकेक लावून पाहा.

सापडणारे गुन्हेगार नेहमीचेच असतात: गीझरची कॉइल, इस्त्री, पाण्याचा पंप, कूलरची मोटर, बाल्कनीतला भिजलेला प्लग. सगळे प्लग काढूनही खटका टिकत नसेल तर वायरिंगमध्ये गळती आहे. ते काम वायरमनचे.

काही घरांत 'हा सारखा पडतो' म्हणून आरसीसीबी काढून टाकतात किंवा त्याला वगळून थेट जोडणी करून घेतात. कुत्रा भुंकतो म्हणून त्याला मारून चोराला दार उघडे ठेवण्यातलाच हा प्रकार. असे करून देणाऱ्या वायरमनला पुन्हा उंबरठा ओलांडू देऊ नये.

किरकोळ वाटणाऱ्या तक्रारी

बटण बंद करूनही एलईडी बल्ब मिणमिणतो. बटणातला छोटा लाल दिवा हे याचे साधे कारण असू शकते. पण कधी कधी बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेले असते. तसे असेल तर बटण बंद असूनही होल्डरमध्ये वीज असते. म्हणून बल्ब बदलताना केवळ बटणावर विसंबू नये, त्या भागाचा एमसीबी खाली करावा.

पंखा हळू फिरतो. रेग्युलेटर पूर्ण ठेवूनही गती येत नसेल तर बहुधा कपॅसिटर कमजोर झालेला असतो. वस्तू छोटी आहे, पण ती वायरमनकडूनच बदलून घ्यावी. वीज बंद केल्यावरही तिच्यात भार शिल्लक राहू शकतो.

प्लग गरम होतो, बटणाभोवती पिवळट-काळा डाग दिसतो किंवा चरचर आवाज येतो. आत जोडणी सैल झाली आहे. आग अशाच ठिकाणी लागते. तो प्लग त्या क्षणापासून वापरायचा नाही.

फ्रिज, वॉशिंग मशीन किंवा कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात. 'थोडासाच करंट येतो' म्हणून रबरी चप्पल घालून काम चालवणारी घरे कमी नाहीत. ही विषाची परीक्षा आहे. आपल्या प्लगचे वरचे मोठे भोक अर्थिंगचे असते. उपकरणाच्या पत्र्यात उतरलेली वीज जमिनीकडे नेणारी वाट तीच. प्लगची तिसरी पिन तोडली, किंवा दोन पिनांच्या प्लगवर काम भागवले, की ही वाट बंद होते आणि तिच्या जागी आपला देह उभा राहतो. कूलरमध्ये लोखंडी पत्रा, पाणी आणि वीज एकत्र नांदतात, म्हणून त्यात पाणी भरताना तो नुसता बंद करू नये, प्लग काढूनच पाणी ओतावे. आणि मुलांना उन्हाळ्यात कूलरच्या जाळीशी खेळू देऊ नये.

टेस्टरवर किती विसंबावे?

घरोघरी टेस्टर असतो आणि तो लावून 'वीज नाही' असा निर्वाळा देणारेही असतात. टेस्टर पेटला तर वीज आहे, हे खरे. पण पेटला नाही म्हणजे वीज नाहीच, असे धरून चालू नये. आतला छोटा दिवा गेलेला असू शकतो, भर उजेडात तो दिसत नाही, आपण कोरड्या लाकडावर उभे असू तर मंद पेटतो. प्लगमध्ये वीज आहे का एवढेच पाहायचे असेल तर चालू असल्याची खात्री असलेला नाइटलॅम्प लावून पाहणे बरे.

ज्या घरात इन्व्हर्टर किंवा छतावर सौर पॅनेल आहेत त्यांनी आणखी सावध असावे. मेन स्विच बंद केला तरी इन्व्हर्टरवरच्या वायरींत वीज असतेच. बल्ब बदलतानाही इन्व्हर्टर बंद आहे का ते पाहायला हवे.

हात न लावता लगेच मेन बंद करण्याचे प्रसंग

काही दिवे अचानक लख्ख पेटतात आणि त्याच वेळी काही मंद होतात, पंखे घोंगावू लागतात. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल तुटल्याची ही खूण आहे. २३० व्होल्टच्या उपकरणांवर अशा वेळी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. धावत जाऊन मेन बंद करा, मग वीज कंपनीला कळवा.

जळक्या प्लॅस्टिकचा किंवा कुजलेल्या माशासारखा वास येतो आणि तो कुठून येतो ते कळत नाही. मेन बंद करा.

घरात पाणी शिरले आहे. बोर्डापर्यंत कोरड्या जागेवरून जाता येत असेल तरच मेन बंद करा. पाण्यात उभे राहून कोणताही खटका दाबू नका.

याला एकच अपवाद आहे. गॅसचा वास येत असेल तर कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नका. ठिणगी दोन्ही वेळी पडते. सिलिंडर बंद करा, खिडक्या उघडा आणि बाहेर या.

बोर्डाला आग लागली तर पाणी मारू नये. आधी मेन बंद, मग कोरडी वाळू किंवा विजेच्या आगीला चालणारे अग्निशामक. आग वाढत असेल तर सगळ्यांनी घराबाहेर.

कोणाला शॉक बसला तर

आई मुलाला वाचवायला धावते आणि दोघेही चिकटतात, अशा बातम्या आपण वाचतो. म्हणून मन घट्ट करून आधी मेन बंद करावा, मग माणसाला हात लावावा. मेन दूर असेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीने त्याला वीजप्रवाहापासून दूर ढकलावे. माणूस बेशुद्ध असेल आणि श्वास चालत नसेल तर ११२ ला किंवा आपल्या राज्यात असेल तर १०८ ला फोन करायला सांगून लगेच छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी जोरात दाब द्यायला सुरुवात करावी, मिनिटाला १०० ते १२० वेळा. मदत येईपर्यंत थांबू नये. मोठा शॉक बसलेला माणूस बोलत-चालत असला तरी त्याला डॉक्टरांकडे न्यावेच. हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात.

वायरमनला काय सांगाल?

'लाइट गेली, लवकर या' एवढ्याने काम भागत नाही. कोणता खटका पडला, एमसीबी की आरसीसीबी? त्या वेळी काय काय चालू होते? लगेच पडला की काही वेळाने? वास, आवाज, ओल होती का? एवढे सांगितले की तो योग्य सामान घेऊन येतो आणि अर्ध्या वेळात काम उरकतो. त्याने कोणती वस्तू बदलली आणि का बदलली ते विचारून घ्या. वायर आणि बटणांवर आयएसआयची खूण आहे का, ते पाहा. तो आलेलाच आहे तर अर्थिंगही तपासून घ्या, कारण अर्थिंग तुटले तरी दिवे पेटतच राहतात आणि शॉक बसेपर्यंत कोणाला पत्ताही लागत नाही.

घराबाहेर पडताना कुलूप कसे लावायचे हे आपण घरातल्या सगळ्यांना शिकवतो. मेन स्विच कुठे आहे आणि तो कसा बंद करायचा, हेही दुपारी घरी एकट्या असणाऱ्या आजीला, शाळेतून आधी येणाऱ्या मुलीला आणि कामाला येणाऱ्या बाईंना माहीत असायला हवे. येत्या रविवारी दहा मिनिटे काढा, सगळ्यांना बोर्डासमोर उभे करा आणि प्रत्येकाकडून तो खटका एकदा खाली-वर करून घ्या.